मोहरीएवढी पृथ्वी

शाळेतल्या तक्त्यावर सूर्य आणि ग्रह अगदी शेजारी शेजारी दिसतात. कागद पुरत नाही, म्हणून तसे काढतात. खरे अंतर किती, ते पाहायला आपण एक नमुना करू या.

टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल टाकू नका. तो कापून, काचकागदाने घासून १४ सेंटिमीटर रुंद गोळा करा. हा आपला सूर्य. त्याला पिवळा रंग द्या. रंग पाण्यात कालवलेलाच हवा. थिनरच्या रंगाने थर्माकोल विरघळतो.

आता १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर, असे धरू. गुरू सगळ्यात मोठा ग्रह. तो होतो लहानशा बोराएवढा. त्यावर तांबूस पट्टे ओढा. शनी त्याहून थोडा लहान. त्याला कागदाचे कडे घाला. युरेनस आणि नेपच्यून ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढे. पृथ्वी आणि शुक्र मोहरीएवढे. बुध आणि मंगळ तर खसखशीएवढे! हे दाणे पुठ्ठ्यावर चिकटवा.

आता घरात जागा पुरायची नाही. सूर्य पारावर ठेवा आणि चालू लागा. वीस पावलांवर पृथ्वी. शंभरावर गुरू. नेपच्यूनसाठी सहाशे पावलं चालावं लागतं!

आपली सारी गावं, नद्या, समुद्र त्या एका मोहरीत आले. सूर्याचा उजेड ही वीस पावलं आठ मिनिटांत येतो. त्याच उजेडावर आपलं शेत पिकतं.