सांधेरोपण : न संपणारे शिक्षण

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुदत ठेव मोडण्यास येणारे ज्येष्ठ ग्राहक बँकेच्या शाखेत नवीन नाहीत. मध्यंतरी अर्जावर सही करता करता एका काकूंनी विचारले, "साहेब, डॉक्टर पंचवीस वर्षांपूर्वी जे शिकले, ते आज पुरते का हो?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर सांधेरोपणाच्या इतिहासातच आहे.

इंग्लंडमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. रुग्ण वेदनामुक्त होऊन चालू लागले. परंतु काही वर्षांतच टेफ्लॉन झिजले आणि त्याच्या कणांनी सभोवतालच्या ऊतींना इजा झाली. चार्नली यांनी अपयश लपविले नाही. रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया केल्या, शिवाय पदार्थाचे नमुने स्वतःच्या मांडीत बसवून परिणाम तपासला. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी पॉलिएथिलिनची वाटी वापरली आणि आधुनिक खुबारोपणाचा पाया घातला गेला. आरंभीची काही वर्षे, त्यांच्याकडे येऊन तंत्र शिकलेल्या शल्यविशारदांनाच तो सांधा मिळत असे.

तात्पर्य असे, की सांध्याचा दोष अनेकदा वर्षांनंतर उघड होतो. म्हणून शिक्षणही पदवीपाशी थांबू शकत नाही. स्वीडनने गुडघारोपणाची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये, तर खुबारोपणाची १९७९ मध्ये सुरू केली. कोणता सांधा किती वर्षे टिकला, हे तीतून शल्यविशारदांना कळते. व्याख्याने, कृत्रिम हाडांवरील सराव आणि फसलेल्या शस्त्रक्रियांची मोकळी चर्चा ही निरंतर वैद्यकीय शिक्षणाची अन्य साधने होत.

भारतात वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान ३० तास अशा शिक्षणात सहभागी व्हावे, असे सांगितले. मात्र उपस्थितीचे प्रमाणपत्र म्हणजे हाताचे कौशल्य नव्हे. यास्तव रुग्णाने नम्रपणे विचारावे : आपण वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? कोणता सांधा बसविणार? त्याचा दीर्घकालीन अनुभव काय? नंतरची तपासणी किती वर्षे चालेल?

ठेव ठेवताना आपण व्याजदर आणि मुदत बारकाईने विचारतो. तीच ठेव मोडून शरीरात जे बसवायचे, त्याविषयी संकोच कशाला? काकूंनी हे चारही प्रश्न पैसे भरण्याच्या स्लिपमागे लिहून नेले.