हरित वीज आणि मौनाची संमती

घरगुती ग्राहकास अक्षय स्रोतांपासून निर्माण झालेली वीज घेण्याची मुभा दिली असता तो ती कितपत घेतो, हा प्रश्न सकृद्दर्शनी अर्थशास्त्राचा वाटतो. तथापि जर्मनीतील अनुभव असा की, त्याचे उत्तर पुष्कळ अंशी एका वाक्याच्या घडणीवर अवलंबून असते. ‘हवी असल्यास कळवावे’ आणि ‘नको असल्यास कळवावे’ ही ती दोन वाक्ये होत. पहिल्यात मौनाचा अर्थ नकार होतो, दुसऱ्यात होकार.

प्रथम या विजेचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. पवनचक्कीची वीज व कोळशाची वीज एकाच जाळ्यात मिसळते. हरित दर स्वीकारणाऱ्याच्या घरी निराळा प्रवाह येत नाही. त्याने वापरलेल्या युनिटांइतकी वीज अक्षय स्रोतांकडून घेतल्याची हमी पुरवठादार हिशेबाने देतो. दिवा पूर्वीसारखाच लागतो. माल दृष्टीस पडत नसल्यामुळे ग्राहकापुढे उरतात ते केवळ शब्द आणि दर.

जर्मनीत विजेची बाजारपेठ १९९८ साली खुली झाली. पुढील वर्षी तेथील दक्षिण भागातील एनर्जीडीन्स्ट या कंपनीने सुमारे दीड लाख ग्राहकांना पत्र पाठवून तीन दर पुढे ठेवले. उत्तर न देणाऱ्यास हरित दर आपोआप लागू व्हावयाचा होता. सुमारे ९४ टक्के ग्राहक त्यावरच राहिले. त्याहून स्वस्त दराकडे वळलेले पाच टक्क्यांहूनही कमी. मात्र हा हरित दर पूर्वीच्या दरापेक्षा स्वस्त होता; म्हणून केवळ या दाखल्यावरून निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरले असते.

ती उणीव एबेलिंग व लोट्झ यांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने भरून काढली. त्यात ४१,९५२ जर्मन कुटुंबांची विभागणी यदृच्छया करण्यात आली. हरित वीज मुद्दाम मागावी लागे तेथे ती ७.२ टक्क्यांनी निवडली. ती आधीच निवडलेली असून नाकारावी लागे तेथे ६९.१ टक्क्यांनी राखली. वीज तीच, दरही तेच. बदलली ती केवळ मौनाची दिशा.

महाराष्ट्रात विद्युत नियामक आयोगाने २०२१ साली संपूर्ण हरित वीज इच्छिणाऱ्या ग्राहकासाठी युनिटमागे ६६ पैसे जादा आकार ठरविला. येथील योजना ग्राहकाने स्वतः मागणी करण्यावर उभी होती. म्हणजे वाक्य पहिल्या जातीचे. अशा योजनेस प्रतिसाद अल्प मिळाल्यास लोकांना पर्यावरणाची चाड नाही असे अनुमान काढणे न्याय्य होणार नाही.

परंतु दुसरे वाक्य पत्करणेही निर्वेध नव्हे. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन, बोलणाऱ्यास प्रश्न कळला आहे, या गृहीतावर उभे आहे. न वाचलेल्या पत्रास दिलेले मौन ही संमती नव्हे. म्हणून जेथे मौनास होकार मानावयाचा, तेथे दरातील फरक पैशांत सांगणे आणि नकाराची वाट सुगम ठेवणे, हे पत्र लिहिणाऱ्याचे कर्तव्य ठरते.