जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण

जोहे-हमरापूर ही गणपतीच्या मूर्तींची गावं, तेव्हा दारात जास्वंद हवीच! पण शेंडे चुरगळलेत, कळ्या गळतायत, बेचक्यांत पांढरा कापूस दिसतोय? तो पिठ्या ढेकूण. अंगावरच्या मेणामुळे त्याच्यावर नुसतं पाणी टिकत नाही. आधी चुरगळलेले शेंडे छाटून जाळा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. मुंग्यांचाही बंदोबस्त करा. किडीच्या गोड चिकट्यासाठी त्या तिची चक्क राखण करतात.

आणि हो, क्रिप्टोलेमस या मित्रभुंग्याची अळीही अशीच पांढरी, कापशी दिसते, फक्त मोठी आणि चपळ. ती पिठ्या ढेकूण खाते. दिसली तर फवारणी थांबवा, तिला मारू नका.