वळणात बाहेरचं चाक किती जास्त पळतं?

आंबिवली स्टेशनात थांबलेल्या कसारा लोकलला डिफरन्शियल नसतो. स्टेशनबाहेरच्या रिक्षाला एक असतो. आणि रिमोटवर पळणाऱ्या, जेमतेम हातभर लांबीच्या रेसिंग बग्गीत तीन-तीन असतात! पुढच्या चाकांमध्ये एक, मागच्या चाकांमध्ये एक आणि पुढच्या-मागच्यांना ताकद वाटून देणारा मधला तिसरा.

वळताना बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्याला जवळचा. दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडलेली असली तर एक तरी रस्त्यावर घासत जाणार. डिफरन्शियल, थोडक्यात डिफ, दोघांना ताकद देतो आणि वेग ज्याचा त्याला ठेवू देतो.

वळण केवढंही असो, हिशेब तोच. यू-टर्न चिंचोळ्या गल्लीत घ्या नाहीतर मोठ्या मैदानात, बाहेरचं चाक आतल्यापेक्षा तेवढंच जास्त धावतं : दोन चाकांमधलं अंतर गुणिले ३.१४. रिक्षाच्या मागच्या चाकांत १.१५ मीटर अंतर धरलं, तर फरक साधारण ३.६ मीटरचा, म्हणजे चाकाचे जवळपास पावणेतीन फेरे. एक दशांश मापाच्या रिमोट कारमध्ये चाकांतलं अंतर सोळा-साडेसोळा सेंटिमीटर आणि चाकही इवलंसं. तिथे फरक अर्ध्या मीटरचा, पण फेरे मोजले तर पुन्हा अडीचच्या वरच. आकार एवढा वेगळा असूनही डिफच्या आतल्या गिअरना कष्ट जवळजवळ सारखेच!

मग लोकल कशी वळते? तिची चाकं आसावर घट्ट दाबून बसवलेली असतात, पण त्यांची कड सपाट नसते, किंचित निमुळती असते. वळणावर आस जरासा बाहेर सरकतो. त्यामुळे बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर टेकतं आणि आतलं बारीक भागावर. एका फेऱ्यात बाहेरचं आपोआप जास्त अंतर कापतं. एकही दात नसलेली ही युक्ती मला फार आवडते. गो-कार्टलाही डिफ नसतो. तिथे स्टिअरिंग वळवलं की आतलं मागचं चाक जमिनीवरून हलकं होतं, उचललंही जातं, आणि काम भागतं.

डिफ मोटारीपेक्षा म्हातारा आहे. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. कार्ल बेंझची पेट्रोलवर चालणारी गाडी आली १८८६ मध्ये. तीही तीनचाकी, इंजिन मागे, मागच्या दोन चाकांसाठी डिफ. आपल्या रिक्षाचा ढाचा नेमका हाच!

मोठ्या रिमोट कारच्या डिफमध्ये सिलिकॉन तेल भरतात, आणि शर्यतीची अर्धी गंमत त्या तेलात आहे. तेलाचा दाटपणा सेंटिस्टोक्समध्ये मोजतात. पाण्याचा साधारण १. अष्टमांश मापाच्या बग्गीत पुढे आणि मध्ये पाच-सात हजारांचं, मागे एक ते तीन हजारांचं तेल घालतात. सात हजारांचं तेल मधासारखं ओघळतं. टूरिंग कारच्या पुढच्या डिफमध्ये काही जण पाच लाखांचंही घालतात, तेव्हा डिफ जवळपास जाम झाल्यासारखाच वागतो. मधल्या डिफमधलं तेल पातळ असेल, तर वेग घेताना पुढची चाकं हलकी होऊन नुसतीच गरगरतात आणि ताकद तिकडेच वाया जाते. तेल दाट केलं की मागच्या चाकांना जोर मिळतो. सिलिकॉनच का? कारण गरम झाल्यावर ते इंजिन ऑइलएवढं पातळ होत नाही. पहिल्या फेरीतली गाडी शेवटच्या फेरीतही ओळखीची वाटते.

आता डिफ उघडू या. आधी बाहेरून ब्रशने धूळ झाडा, नाहीतर तीच आत जाणार. चाकाकडे जाणाऱ्या कपाभोवती धूळ ओलसर चिकटली असेल, तर ओ-रिंग गेली आहे असं समजा. चार स्क्रू काढले की क्राऊन गिअर सुटतो. त्याखाली कागदी गॅस्केट आणि बग्गीच्या डिफमध्ये सहसा सहा गिअर : दोन मोठे, चार लहान. तेल काळपट आणि चमचमतं दिसलं, तर ती चमक झिजलेल्या धातूची. लहान गिअर ज्या पिनांवर फिरतात, त्यांच्यावर नख फिरवून पाहा. खाच लागली तर पिन बदला.

तेल भरताना घाई केली की सगळं वाया. लहान गिअर जेमतेम बुडतील एवढं ओता, गिअर हाताने हळूहळू फिरवा, बुडबुडे वर येऊ द्या. मग पातळी जेवढी उतरली, तेवढं तेल पुन्हा भरा. काठोकाठ भरू नका, कारण तापलं की तेल फुगतं आणि सीलमधून वाट काढतं. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. काटेकोर खेळाडू दर वेळी डिफ छोट्या डिजिटल काट्यावर ठेवतात, म्हणजे तेल मागच्या वेळेइतकंच भरलंय हे कळतं. शेवटी मार्करने तेलाचा नंबर डिफच्या डब्यावर लिहून टाका.

जोडल्यावर क्राऊन गिअर हाताने धरून एक चाक फिरवा. दुसरं उलट दिशेला, अडखळल्याशिवाय फिरलं पाहिजे. करकर आली, तर बेअरिंगशेजारच्या पातळ वॉशरांची जागा बदलून क्राऊन आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनची जुळणी सुधारा.

दात नसलेलाही डिफ असतो. बॉल डिफमध्ये दोन गुळगुळीत रिंगांमध्ये टंगस्टन कार्बाइडच्या बारीक गोळ्या दाबलेल्या असतात आणि ताकद जाते ती केवळ घर्षणाने. इथे दोन ग्रीस लागतात : मोठ्या गोळ्यांना पारदर्शक सिलिकॉन, टोकाच्या थ्रस्ट बेअरिंगला काळं. अदलाबदल झाली की डिफ घसरलाच! नवा जोडलेला डिफ एकदम आवळायचा नाही, थोडा चालवून मग पाव-पाव फेरा घट्ट करायचा. जोर लावल्यावर आधी स्लिपर क्लच (जादा जोर आला की मुद्दाम घसरणारा क्लच) सुटला पाहिजे, डिफ नव्हे. रिंगेवर चर पडला, तर रिंग उलटी करून बसवा. दुसरी बाजू कोरी असते, पैसे वाचतात.

आणि पावसाळ्यात डबक्यातून गाडी पळवली असेल, तर डिफ त्याच रात्री काढा. तेल दुधाळ झालं असेल तर पाणी आत शिरलंय. तेल बदलता येतं, पण बेअरिंग गंजायला एक रात्र पुरते. ती सुकवून, तेलाचा एक थेंब टाकूनच झोपा.