साठवणुकीचे गणित : लेखांक ५
चाळीतला कोणता कांदा आधी काढायचा?

‘आधी आला, तो माल आधी विकायचा’ हा किराणा दुकानातला नियम आपण मागच्या लेखात पाहिला. नाशवंत मालाला तो पुरत नाही. इथे माल कधी आला यापेक्षा तो अजून किती दिवस टिकणार, हे आधी बघावे लागते. कांदाचाळीत हे लख्ख दिसते.

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने बाजारात येतो. दरम्यान पाणी उडून वजन घटते, दमटपणाने सड लागते आणि पुढे कोंब फुटतात. साध्या चाळीत २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता कांद्याला मानवते. १० ते २० अंशांच्या गारव्यात कोंब भराभर येतात. पावसाळ्यात धोका दमट हवेचा असतो. म्हणून चाळीला तळातून आणि बाजूंनी वारा खेळता हवा, आणि थर पाच फुटांच्या वर जाता कामा नये.

पण एकाच दिवशी, एकाच वावरातून निघालेला कांदाही सारखा टिकत नाही. जाड मानेच्या कांद्याची मान नीट मिटत नाही आणि तिथूनच सड आत शिरते. डेंगळ्याच्या मधोमध दांडा असतो, तोही लवकर खराब होतो. जोडकांदा, काढणीत कापलेला आणि उन्हाने भाजलेला कांदा यांचीही तीच गत. हा सगळा माल चाळीत न टाकता लगेच विकावा. बारीक मानेचा, मध्यम आकाराचा, घट्ट पत्तीचा आणि सावलीत चांगला सुकलेला कांदा शेवटपर्यंत राखावा. मधल्या प्रतीचा कांदा वेगळ्या कप्प्यात भरावा आणि प्रत्येक कप्प्यावर वावर, काढणीची तारीख व शेवटचे पाणी कधी दिले ते लिहून ठेवावे.

आता हिशेब. समजा, १,५०० रुपये भाव असताना १०० क्विंटल कांदा चाळीत भरला. तो तेव्हाच विकला असता तर दीड लाख मिळाले असते. चार महिन्यांत घट आणि सड मिळून ३० क्विंटल गेला, तर उरलेल्या ७० क्विंटलला सुमारे २,१४३ रुपये भाव मिळाला तरच ते दीड लाख हाती येतात. निवडणीची मजुरी आणि अडकलेल्या पैशाचे व्याज वेगळेच. भाव २,००० झाला म्हणून आनंद मानणारा शेतकरी इथे तोट्यात असतो.

ही घट अंदाजाने ठरवू नका. भरतानाच ५० किलोची एक जाळीदार पिशवी मोजून थरात ठेवा आणि दर पंधरवड्याला काढून, सडका कांदा वेगळा करून पुन्हा तोला. घट ज्या वेगाने वाढते त्या वेगाने भाव वाढत नसेल, तर तो कप्पा फोडायची वेळ झाली. खालच्या कांद्याला पाणी सुटले किंवा कुबट वास आला, तर पंधरवड्याचीही वाट पाहू नका. शेतकऱ्याचे सहा महिन्यांचे कष्ट त्या थरात असतात. ते भावाच्या आशेवर नव्हे, वजनाच्या नोंदीवर सांभाळले पाहिजेत.

पुढील लेखात : दिवसातून दोनदा येणाऱ्या दुधाचा साठा गावची डेअरी कसा सांभाळते?