मूळ पुरुषाचा शोध : न्यायालयीन व मिळकतविषयक कागदपत्रांचे साधनमूल्य

प्रस्तावना

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे वंशशोधनाचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित साधन होय. यात्रेस आलेला यजमान आपले मूळ गाव, आडनाव, वडील, आजोबा, भाऊ व मुले यांची नावे वहीत नोंदवितो आणि पुढील पिढी त्याखाली आपली भर घालते. परंतु ज्या घराण्याचा मूळ पुरुष या परंपरेबाहेरचा आहे, त्याच्या वंशजांना ही वही उपयोगी पडत नाही. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ वसविलेल्या शरणपूरच्या ख्रिस्ती वसाहतीचेच उदाहरण घेता येईल. धर्मांतरानंतर वहीतील नोंद साहजिकच थांबते. या सोसायटीच्या सेवेत मुंबई इलाख्यात कार्ल विल्हेल्म आयसेनबर्ग (१८०६–१८६४) यांच्यासारखे जर्मन मिशनरीही होते. मिशनऱ्यांची माहिती संस्थेच्या दप्तरात सापडते. मात्र भाडोत्री शिपाई, कारागीर वा व्यापारी म्हणून आलेल्या जर्मन माणसाचा माग कसा काढावा? अशा वेळी मृत्युपत्रे, वारसाचे दावे व मिळकतीच्या नोंदी हाच मुख्य आधार उरतो. या साधनांचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कागद कोठे निर्माण झाले?

मुंबईत १७२६ च्या सनदेने मेयरचे न्यायालय, १७९८ मध्ये रेकॉर्डरचे न्यायालय, १८२३ च्या सनदेने सर्वोच्च न्यायालय आणि १८६२ मध्ये उच्च न्यायालय अस्तित्वात आले. युरोपीय व्यक्ती मरण पावली की मृत्युपत्राचे प्रोबेट घेणे, मृत्युपत्र नसल्यास मिळकतीच्या व्यवस्थेचा अधिकार मिळविणे आणि चीजवस्तूंची यादी व विक्रीचा हिशेब सादर करणे ही कामे न्यायालयामार्फत होत. कंपनी सरकारच्या काळातील अशा अनेक कागदांच्या प्रती लंडनला पाठविल्या गेल्या आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबई इलाख्याच्या मुलखात वारस दाखल्यासाठी १८२७ चा आठवा रेग्युलेशन लागू झाला. जमिनीच्या बाबतीत १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाल्यानंतर फेरफाराच्या नोंदींत मृत खातेदार व त्याचे वारस यांची नावे मिळू लागतात.

वस्तूंच्या यादीवरून मृताचा व्यवसाय, पुस्तकांवरून भाषा आणि देणेकऱ्यांच्या नावांवरून त्याचा वावर कळतो. विशेष म्हणजे चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदीत अपत्याच्या देशी आईचे नाव पुष्कळदा नसते. मृत्युपत्रात मात्र तिला काही रक्कम वा घर ठेवताना ते नाव लिहावेच लागते. अनेक घराण्यांतील आद्य स्त्रीचा एवढाच लेखी पुरावा उरलेला असतो.

एक उदाहरण : वॉल्टर राइनहार्ट

मराठ्यांच्या इतिहासात ‘समरू’ या नावाने येणारा वॉल्टर राइनहार्ट हा जर्मनभाषक भाडोत्री सेनानी १७७८ मध्ये आग्रा येथे मरण पावला. सरधन्याची जहागीर त्याच्या पश्चात बेगम समरूकडे आली. १८०३ मध्ये असई (आजचा जालना जिल्हा) येथील लढाईत तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने होत्या. बेगम १८३६ मध्ये वारली आणि जहागीर कंपनीने खालसा केली. तिची खाजगी संपत्ती राइनहार्टचा पणतू डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्रे याच्याकडे गेली. १८४३ मध्ये इंग्लंडात त्याला वेडसर ठरविण्यात आले, १८५१ मध्ये तो मरण पावला आणि त्याच्या मृत्युपत्राचा वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला.

या वादांमुळे राइनहार्टपासून पणतूपर्यंतची परंपरा कागदोपत्री तपशिलाने आली. तरीही राइनहार्टच्या जन्मगावाविषयी निरनिराळी नावे सांगितली जातात. यामागील कारण महत्त्वाचे आहे. मिळकतीचा कागद मृतापासून खाली, म्हणजे वारसांकडे पाहतो; मृताचे आईबाप कोण, हे न्यायालयाला ठरवावयाचे नसते. तीर्थोपाध्यायांची वही मात्र वर, पूर्वजांकडे पाहते. म्हणून मिळकतीच्या कागदातून भारतातील शाखा सिद्ध होते, पण जर्मनीतील मूळ शोधण्यासाठी तेथील चर्चच्या नोंदवह्यांकडेच जावे लागते आणि त्यासाठी गावाचे नाव हाती असावे लागते.

पारख कशी करावी?

न्यायालयात दाखल झालेली वंशावळ ही वस्तुतः एका पक्षाची बाजू असते. जिंकण्यासाठी भाऊ गाळला जातो, अनौरस अपत्य औरस ठरते अथवा उलटही घडते. येथे कायद्यानेच दिलेली कसोटी संशोधकास उपयोगी आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील कलम ३२ नुसार मृत व्यक्तीने नात्याविषयी केलेले विधान ग्राह्य धरताना ते वाद निर्माण होण्यापूर्वीचे असावे, अशी अट होती. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. त्यामुळे दाव्यातील वंशावळीपेक्षा दाव्याला जोडलेले जुने पत्र वा बाप्तिस्म्याचा दाखला अधिक मोलाचा ठरतो.

दुसरी अडचण नावांची आहे. राइनहार्टचा सोंब्रे आणि सोंब्रेचा समरू झाला. मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही व शब्दही तोडले जात नाहीत. त्यामुळे परकीय नावाची ओळख केवळ उच्चारसाम्यावर ठरवू नये. मिळकत, साक्षीदार व तारीख यांपैकी किमान दोन गोष्टी जुळाव्यात.

निष्कर्ष

वही, चर्चची नोंद व न्यायालयीन कागद ही परस्परपूरक साधने आहेत. कोणतेही एक पुरेसे नाही. दिवाणी दाव्यांतील काही वर्गांचे कागद नियमानुसार ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात, ही बाब चिंतेची आहे. नाशिक परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी कुटुंबांकडील जुन्या निकालपत्रांच्या, मृत्युपत्रांच्या व वारस दाखल्यांच्या प्रतींची सूची, कुटुंबांच्या संमतीने, तयार करून घ्यावी. ज्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत, अशा माणसांचा इतिहास त्यातूनच हाती लागणार आहे.