मदत न करणे हेही कर्म आहे काय?

पंचशीलातील पहिले शील प्राणिहत्येपासून विरत राहण्याचे आहे. त्यावरून असा प्रश्न उपस्थित होतो की, ज्याने कोणास मारले नाही, परंतु मरणोन्मुख मनुष्यास वाचविण्यासाठी हातही पुढे केला नाही, तो निर्दोष मानावयाचा काय?

या प्रश्नावर प्रकाश टाकणारा प्रसंग विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खन्धकात आला आहे. पोटाच्या विकाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्यास धुतले आणि दोघांनी उचलून त्यास मंचकावर निजविले. पुढे चौकशी करता कारण कळले ते असे : हा भिक्खू इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून त्याची शुश्रूषा कोणी करीत नाही.

तेव्हा भगवंतांनी नियम घालून दिला. आजाऱ्याची सेवा उपाध्यायाने करावी. तो नसेल तर आचार्याने, शिष्याने अथवा सहाध्यायाने. आणि यांपैकी कोणीच नसेल तर संघाने करावी. न केल्यास 'दुक्कट' हा दोष लागतो.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, हेतुपुरस्सर मनुष्यवध हा पाराजिक, म्हणजे संघातून कायमचे च्युत करणारा अपराध होय. दुक्कट त्याहून फार सौम्य आहे. विनय या दोहोंना एका मापाने मोजत नाही; परंतु उपेक्षेस दोषमुक्तही करीत नाही. अंगुत्तरनिकायातील निब्बेधिक सुत्तात चेतनेलाच कर्म म्हटले आहे. ज्याने संकट पाहिलेच नाही किंवा जो असमर्थ होता, त्याची गोष्ट वेगळी. मात्र पाहून, शक्य असून पुढे निघून जाणे हा मनाने घेतलेला निर्णयच आहे.

दुसरी अशी की, 'त्याचे कोणी नाही' म्हणून जबाबदारी नाहीशी होत नाही, ती सर्वांवर येते. रस्त्यावरील अपघातस्थळी याच्या उलट घडते. दुसरा कोणी तरी पाहील, असे प्रत्येकास वाटते आणि जखमी तसाच पडून राहतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 134अ ने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. केवळ पाहत उभ्या राहिलेल्या तिऱ्हाइतास मात्र आपला कायदा सहसा दोषी धरीत नाही. कायदा जेथे थांबतो, तेथे शीलाची कसोटी सुरू होते.